बाहीवरचे सात

रबराची टोपी. करंगळीच्या नखाएवढी.
हिच्यात एक मादी आहे, असं पाकिटावर लिहिलंय.
म्हणजे मादी नाही, तिचं बोलावणं तेवढं.
हिवाळाभर ते फ्रीजरमध्ये पडून असतं
पिएरोगीच्या पिशवीखाली, मटारांना खेटून,
आणि घरात कुणाला कसलाच वास येत नाही.
मलाही नाही.
एकोणीस वर्षं मी नेमकं काय टांगत आले
ते फक्त त्यांनाच ठाऊक.

लायलॅक विटला की मी ओळींमध्ये उतरते.
ब्लॅककरंटच्या पानांना अंग घासलं
की मांजर मुतल्यासारखा वास सुटतो,
लुब्लिनहून आलेली माणसं नाक मुरडतात.
आम्हाला तो जूनचा वास.
सापळा पांढरा, दोन उतारांच्या छपरासारखा,
तळाशी चिकट पुठ्ठा, मधोमध टोपी.
हातमोजे घालायचे, हे पहिलं.
मग थांबायचं, हे दुसरं.

तो दुपारी येतो, भर उन्हात.
काळं अंग, पिवळे पट्टे, पंख काचेचे,
हुबेहूब गांधीलमाशीचं सोंग.
डंख नाही. तोंडात धड चावा नाही.
घाबरवण्यापुरता जन्मलेला
आणि स्वतः एका टोपीला भुललेला.

भाचा तिमोतेउश विचारतो,
मावशी, एवढे पकडलेस, मग कीड संपली ना?
नाही रे राजा.
हे नुसते नर. हा नुसता निरोप.
ती तिकडे खोडावर बसलीय
एकेक अंडं सालीच्या फटीत ठेवत, कसली घाई नाही.
ती कधी सापळ्यात येत नाही. ती कशाला येईल
स्वतःच्याच हाकेला?
मग मी त्याला मार्चमध्ये कापलेली फांदी दाखवते:
मधोमध काळी रेघ, पेन्सिलीतल्या शिशासारखी.
तिथं वर्षभर कुणीतरी गर खात बसलं होतं.
वर पानं हिरवी, घड लागलेले,
आणि भार आला की एक दिवस काडकन्.

म्हणून मोजायचं.
मारायला नाही, मोजायला.
दर मंगळवारी, वहीत, शिसपेन्सिलीनं.
सापळा पाच: शून्य. शून्य. एक. चार.
आकडा चढला की शेजारच्या वाल्देमारला फोन,
पंप धुऊन ठेव म्हणून.
नाही चढला तर मधमाश्यांचं नशीब.

त्या मंगळवारी हातमोजा फाटला होता.
माझ्या ध्यानात आलं नाही.
गुरुवारी ख्रिस्तदेहाचा सण.
मिरवणूक निघाली, पोरी पेओनीच्या पाकळ्या उधळत पुढे,
मी निळ्या कोटात, तोच घालून शेतात गेले होते
पहाटे गारठा होता म्हणून.
दुसऱ्या वेदीपाशी पहिला आला.
मनगटाभोवती घिरटी, मग बाहीवर.
मग दुसरा. मग तिघं एकदम.
लुत्सिनाबाईंनी भजनांचं पुस्तक उगारलं,
अगं गांधीलमाशा!
नका, म्हटलं. काही करत नाहीत त्या.
तेवढ्यात घंटा वाजली,
सगळे गुडघ्यावर आले,
मीही, एक हात अंगापासून लांब धरून
जणू त्याच्यावर कुणाचं तरी बाळ होतं.
फादर काय म्हणाले ते ऐकलं नाही.
मोजत होते. सात.
पंख थरथरत होते, शेपटीचा झुपका पसरलेला,
आणि ज्या कापडाशी ते एवढं लगट करत होते
त्याच्या आत फक्त मी होते,
एकसष्ट वर्षांची, घामेजलेली,
इतक्या जणांनी इतक्या लांबून
मला शेवटचं कधी शोधलं होतं, आठवेना.

संध्याकाळी वही उघडली.
सापळा पाच, चार. सापळा सहा, दोन.
बाही, सात, असं लिहिलं
आणि खोडलं. बाहीला रकाना नाही.

कोट गरम पाण्यात धुतला. दोनदा, सोडा घालून.
रविवारी दोरीवर वाळत होता
तेव्हा एक आलाच,
कॉलरपासून खाली चालत गेला,
बटणाशी थांबला,
उजव्या बाहीवर बसला.
मी खिडकी लावून घेतली नाही.